उरलेली दुर्री आणि सत्ती

माझ्या वर्गाला कोपरा नव्हता. भिंती चार, म्हणजे कोपरेही चारच, पण एकात कपाट, एकात दार, एकात केरसुणी नि बादली, आणि चौथ्यात मुलांच्या दप्तरांचा डोंगर. प्रशिक्षणात सांगितलं होतं की गणिताचा कोपरा करा, तिथे साहित्य मांडून ठेवा, मुलं आपणहून येतील. मी मान डोलावून परत आले. दुपारी त्याच खोलीत दुसरा वर्ग भरायचा. सकाळी मांडलेलं दुपारी जागेवर दिसलं तर नशीब. शिवाय दुसरी-तिसरी एकत्र, पट चौतीस. कोपऱ्यात आली असती तर सहा मुलं, बाकीच्या अठ्ठावीस जणांचं काय करायचं?

म्हणून मग पिशव्या. जाड प्लॅस्टिकच्या, चेनच्या, आतलं बाहेरून दिसेल अशा. एका पिशवीत एकच सराव: लागणारं सगळं सामान आणि काय करायचं ते चित्रांनी सांगणारं एक कार्ड. पिशवी उचलायची, जमिनीवर, बाकाखाली, दाराबाहेर, जिथे जागा मिळेल तिथे दोघांनी बसायचं, काम झालं की चेन लावून दोरीवर टांगायची.

सुट्टीत मी हौसेनं बारा पिशव्या केल्या आणि पहिल्याच सोमवारी बाराही वाटल्या. तो तास आठवला की अजून कानात खडखडाट होतो. फासे कपाटाखाली गेले, दोन पिशव्यांतल्या काड्या एकमेकींत मिसळल्या, आणि चौतीसपैकी निदान वीस जण माझ्यासमोर रांगेत उभे, ‘बाई, याचं काय करायचं?’ एकाला सांगेपर्यंत दुसरा दप्तरावर चढलेला. संध्याकाळी मी बाराच्या बारा पिशव्या कपाटात कोंबल्या आणि तीन आठवडे पुन्हा फळा-खडू.

परत काढली ती एकच पिशवी. तीही सगळ्यांना एकदम नाही, आधी चौघांना. पिशवी उघडायची कशी, बसायचं कसं, आणि मुख्य म्हणजे मिटायची कशी, यावर मी जवळजवळ आठवडा घालवला. गणित त्यात नावालाच होतं. झाकणपट्टीच्या आत मी आतल्या सामानाची यादी चिकटवली: ‘फासे २, काड्या ५०, रबरबँड १०’. मिटण्याआधी मोजायचं. डॉमिनोच्या सोंगटीचे दोन भाग, प्रत्येकावर शून्य ते सहा ठिपके, आणि प्रत्येक जोडी एकदाच. त्या पिशवीवर लिहिलं, ‘सोंगट्या २८, ठिपके १६८’. ठिपक्यांचा आकडा माझी हौस म्हणून घातला होता. रोज कोण कशाला मोजेल एवढे ठिपके? फाशांचा आवाज आणि त्यांचं हरवणं, दोन्हींवर एकच तोडगा सापडला. फासा छोट्या पारदर्शक डबीत घालून झाकण चिकटवून टाकलं. डबी हलवायची आणि वरून बघायचं. हे आधी सुचलं असतं तर कपाटाखाली लोटांगणं घालावी लागली नसती.

दोन फाशांची पिशवी सगळ्यात साधी. दोन्ही डब्या हलवा, ठिपक्यांची बेरीज सांगा. मला वाटत होतं, हे फारच सोपं आहे, आठवड्यात बाद करू. मग एका मुलाशेजारी नुसती बसले. फासे पडले पाच आणि तीन. त्यानं पाच ठिपके एकेक करून मोजले, मग तीन मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून एक, दोन करत आठ. पुन्हा फासे, पुन्हा पहिल्यापासून. उत्तरं सगळी बरोबर. वहीत तपासली असती तर मी त्याला दहापैकी दहा देऊन मोकळी झाले असते. पाच हा आकडा त्याच्याकडे अजून आयता नव्हताच, दर वेळी तो नव्यानं बांधावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी मी एका फाशावर कागद चिकटवून ठिपक्यांऐवजी अंक लिहिले. आता एका डबीत ५ हा अंक, दुसरीत तीन ठिपके. अंकावर बोट ठेवून मोजता येत नाही. तो अडला. बराच वेळ त्या पाचकडे बघत राहिला. मग पाच बोटं काढून पुन्हा सगळी मोजली. मी काही बोलले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी पाठीमागून ऐकू आलं, ‘पाच… सहा, सात, आठ.’ तोच होता. मग पंधरा दिवसांनी फासे पडले दोन आणि सहा, आणि तो दोनपासून न मोजता सहापासून पुढे गेला. मोठ्यापासून सुरू केलं की कमी मोजावं लागतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एवढ्या बदलासाठी मला लागला होता तो एक कागदाचा चिटोरा.

पिशव्यांनी मला काय दिलं असेल तर हे. तीस मुलं आपापल्या पिशवीत गुंतलेली असताना एका मुलाशेजारी दहा मिनिटं बसायला मिळालं. पण त्यासाठी तीस मुलं खरंच गुंतायला हवीत, आणि तिथेच माझी दुसरी फजिती झाली.

सुरुवातीला प्रत्येक पिशवीत मी उत्तरं लिहायची पट्टी ठेवली होती. आठवडाभरात लक्षात आलं की मुलांना पिशवीत रस नाही, पट्टीत आहे. पट्टी भरली म्हणजे काम झालं. काड्यांना हात न लावता पट्टी भरायची, शेजारच्याची बघून भरायची, नाहीतर मनाला येतील ते आकडे टाकायचे. मग ती घेऊन माझ्याकडे, ‘बाई, बरोबर आहे?’ म्हणजे बरोबर-चूक माझ्याच हातात राहिलं आणि मी तीस पट्ट्यांची तपासनीस झाले. मी पट्ट्या काढून टाकल्या. त्यानंतर पिशवी करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारू लागले: मुलाचं चुकलं तर ते त्याला माझ्याशिवाय कळेल का? उत्तर नाही आलं, तर ती पिशवी कितीही देखणी असो, बाद.

या कसोटीवर सगळ्यात सरस उतरली ती पत्त्यांची पिशवी. एक्का ते नव्वी एवढीच पानं, चारही रंगांची, म्हणजे छत्तीस. पानं उलथी मांडायची, दोन-दोन उचलायची, बेरीज दहा झाली तर जोडी आपली. पंजीला पंजी लागते, बाकी सगळ्यांना आपापला जोडीदार आहे. चारही एक्क्यांना चार नव्व्या, दुर्रीला अठ्ठी, तिर्रीला सत्ती, चौकीला छक्की. खेळ नीट झाला तर अठरा जोड्या होतात आणि जमिनीवर एकही पान उरत नाही.

एके दिवशी दोन मुली दोन पानं घेऊन आल्या, दुर्री आणि सत्ती. ‘बाई, पत्ते खराब आहेत. हे उरले.’ मी म्हटलं, काल तर नव्हते खराब. परत गेल्या. थोड्या वेळानं त्यातली एक, जिचं वहीतलं गणित बघून मी कधी फार आशा धरली नव्हती, ती पानांकडे बघत म्हणाली, ‘ही नऊ होतात. एक कमी पडतंय.’ दुसरी म्हणाली, ‘मग एक कुठेतरी जास्त गेलंय.’ दोघी आपापल्या जोड्या उलटून बघायला लागल्या. नवव्या की दहाव्या जोडीत सापडली: अठ्ठी आणि तिर्री. अकरा. अठ्ठीला दुर्री दिली, तिर्रीला सत्ती. पानं संपली. माझ्याकडे विजयानं बघायलाही त्या आल्या नाहीत, लगेच पुढचा डाव मांडला.

मी मात्र बाकावर बसून राहिले. उरलेल्या बेरजेवरून चूक किती आणि कुठल्या बाजूची हे ओळखणं, हे मी दुसरीच्या मुलींकडून मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर कसं मागितलं असतं, तेही मला ठाऊक नव्हतं.

काड्यांच्या पिशवीची गोष्ट थोडी मोठी आहे, कारण तिथे गाठ होती मराठी संख्यानावांशी. आपल्याकडे बासष्ट म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग साठ, आणि लिहायचं उलट, ६२. त्यात वर ‘एकोण’ची भानगड. एका मुलाला एकोणचाळीस लिही म्हटलं की तो ठामपणे ४९ लिही. त्याचं काय चुकलं? चाळीस त्यानं कानांनी ऐकलं होतं, नऊ त्याला माहीत होते. मी फळ्यावर चार वेळा ३९ लिहून दाखवलं, त्यानं चार वेळा मान हलवली, पाचव्यांदा ४९.

पिशवीत पन्नास सुट्या काड्या आणि रबरबँड. दहा झाल्या की जुडी बांधायची. मी म्हटलं, चाळीस काढ. त्यानं चार जुड्या ठेवल्या. ‘आता एकोण कर. एक उणे.’ त्यानं चारही जुड्यांकडे पाहिलं. सुटी काडी एकही नाही. मग एका जुडीचं रबर सोडलं, एक काडी काढून पिशवीत टाकली आणि हातात उरलेल्या नऊ सुट्या धरून बसला. ‘जुड्या किती?’ ‘तीन.’ ‘सुट्या?’ ‘नऊ.’ मग त्यानं स्वतःच कार्डावर ३९ लिहिलं आणि खाली हळूच बोलला, ‘म्हणजे चाळीस मोडलं.’ चाळीस मोडलं! इतकी वर्षं शिकवतेय, हा शब्द मला सुचला नव्हता. पुढे वजाबाकीत ४२ मधून १७ काढताना बहुतेक मुलं दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढून ३५ लिहितात, तेव्हा मी त्याचाच शब्द वापरला. मोड एक दशक. ‘उसने घे’ म्हटल्यावर जे कधी पोचायचं नाही, ते पोचलं. उसनं घेतलं तर परत द्यावं लागतं, असा एकीचा रास्त आक्षेप होताच.

इथे मी एक घाईही केली होती, तीही सांगते. जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात मांडलं की माणूस एखादी गोष्ट आधी हातांनी, मग चित्रानं, मग चिन्हानं जाणतो. हे मी पदविकेच्या परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पिशवीत मात्र काड्या ठेवल्या आणि थेट अंकांची कार्डं. मधलं चित्रच नाही. काड्या असल्या की मुलांना जमे, काढून घेतल्या की पुन्हा ३५. मग जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी ठिपका अशी चित्रकार्डं घातली. काहींनी ती आठवडाभर वापरली, काहींनी दोन महिने. वहीच्या कडेला अजूनही कुणाकुणाच्या रेघा आणि ठिपके दिसतात. मी खोडायला लावत नाही.

रंगीत पट्ट्यांची पिशवी ही माझी जाहीर नाचक्की. जॉर्ज क्विझनेर नावाचे एक बेल्जियन शिक्षक होते, त्यांनी एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत कांड्या केल्या. पांढरी एकाची, नारिंगी दहाची. कांड्यांवर आकडे नसतात, लांबीच बोलते. म्हटलं, पुठ्ठ्याच्या करू. रात्री जागून कापल्या. पांढरे तुकडे कापताना प्रत्येकातून मिलिमीटरभर पुठ्ठा कात्रीखाली गेला असावा. दुसऱ्या दिवशी नारिंगी पट्टीखाली पांढरे तुकडे लावता लावता एक चिमुरडा म्हणाला, ‘बाई, अकरा बसतात.’ मी मोजले. अकराच बसत होते. खरं गणित त्याचंच होतं, खोटी होती माझी कात्री. ती पिशवी मी त्याच दिवशी मोडली.

घड्याळाची पिशवीही काढून टाकली, पण वेगळ्या कारणानं. पुठ्ठ्याचं घड्याळ, दोन काटे टाचणीनं अडकवलेले. मुलं साडेचार दाखवताना मोठा काटा सहावर आणि छोटा नेमका चारवर ठेवत. खऱ्या घड्याळात तो चार आणि पाचच्या मध्ये असतो. माझं घड्याळ रोज चुकीचं शिकवत होतं आणि मुलं ते मन लावून शिकत होती. नंतर एक बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळालं, मागची चावी फिरवली की दोन्ही काटे आपापल्या गतीनं फिरणारं. पिशवीत मावत नाही, म्हणून ते कापडी थैलीत असतं.

पाढ्यांबद्दल थोडं. माझ्या वर्गात पाढे पाठ होते, चालीवर, सगळ्यांचे. पण सात आठे किती विचारलं की मूल सात एके सातपासून चढायला लागे, आणि छप्पन्नला पोचेपर्यंत मी प्रश्न विसरलेली असे. एकदा मुलांबरोबर बसून मोजलं की खरंच किती गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. सात आठे आणि आठ साते एकच म्हटलं की उरतात पंचावन्न. एकचा आणि दहाचा तर येतोच, ते काढले की छत्तीस. दोनचा आणि पाचचाही सोपा. उरले एकवीस. मुलांचा विश्वास बसेना. एकवीसच? त्या एकवीस कार्डांची पिशवी केली. पुढे गुणाकार, मागे तेवढ्या ठिपक्यांच्या ओळी, म्हणजे कार्ड आडवं फिरवलं की सात ओळी आठच्या त्या आठ ओळी सातच्या होतात.

पिशवीला तीन कप्पे शिवून घेतले. कार्ड आलं तर पुढच्या कप्प्यात, अडलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. ही युक्ती माझी नाही, जर्मन विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली ती लोकांपुढे आणली, तिथे कार्डांना पेटी होती. मुलांना आवडला तो कप्पे बदलण्याचा भाग. ‘माझं सहा सत्ते तिसऱ्यात गेलं’ अशा बातम्या मधल्या सुट्टीत ऐकू येऊ लागल्या. दोघांनी फसवून कार्डं पुढे सरकवली, पण आठवड्यानं तिसऱ्या कप्प्यात तीच कार्डं त्यांची वाट बघत होती. मला काही बोलावं लागलं नाही.

पिशव्या घरीही जाऊ लागल्या, शुक्रवारी नेऊन सोमवारी आणायच्या. एका पालकांनी विचारलं, पत्ते खेळायला शाळेत पाठवतो का आम्ही? त्यांना बसवून एक डाव खेळायला लावला. त्यांच्याही हातात दोन पानं उरली. मला हसू दाबता आलं नाही, त्यांनाही. पण सगळ्यांशी असं जमलं नाही. एका घरून पिशवी चार सोमवार आली ती चेन न उघडताच, आणि मी त्यात काही करू शकले नाही.

वर्षाच्या शेवटी पिशव्या मिटून ठेवायची वेळ आली. डॉमिनोची पिशवी तिसरीतल्या तिघांकडे होती. मोजून सांगितलं, ‘बाई, सत्तावीसच आहेत.’ मी कपाटात तोंड घालून बसले होते, म्हटलं, जाऊ दे, बघू नंतर. अर्धा तास झाला तरी तिघं जमिनीवरच. डोकावून पाहिलं तर सोंगट्यांच्या ओळी लावल्या होत्या, दहा-दहा ठिपक्यांच्या जुळतील तशा, आणि कडेला खडूनं रेघा, उभ्या रेघा आणि ठिपके. पंधरा उभ्या रेघा, सात ठिपके.

‘एकशे सत्तावन्न. इथे एकशे अडुसष्ट लिहिलंय.’

‘मग?’

‘अकरा ठिपके हरवलेत.’ त्यातला डावखुरा मुलगा बोटांवर काहीतरी करत होता. ‘सहा-सहा बारा होतात. ती आहे. अकरा म्हणजे पाच-सहाच. दुसरी होतच नाही.’

तिघंही उठून काड्यांच्या पिशवीत शोधायला गेले. तिथे नव्हती. पत्त्यांच्यातही नव्हती. मग एकानं नारिंगी पट्टीचा जुना पुठ्ठा कुठूनसा काढला, त्याच माझ्या फसलेल्या पट्ट्यांतला, आणि त्यावर पेनानं एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सहा ठिपके काढले. पुन्हा मोजून, अठ्ठावीस म्हणून चेन लावली आणि पिशवी दोरीवर टांगली.